उडता येणाऱ्या नायकासाठी रचलेला खेळ : ‘डेमन्स क्रेस्ट’कडे पुन्हा पाहताना

सुपर निन्टेन्डो या घरगुती व्हिडिओ गेम यंत्रावरचा १९९४ सालचा ‘डेमन्स क्रेस्ट’ हा खेळ आज पुन्हा खेळण्याजोगा आहे का, त्याचे नाव इतके कमी का ऐकू येते आणि तो खेळायचाच ठरवला तर त्यात नेमके काय पाहावे, असे एका नवोदित रचनाकाराने विचारले आहे. प्लॅटफॉर्म प्रकारच्या, म्हणजे उड्या मारत अडथळे ओलांडायच्या खेळांच्या लेव्हल (टप्पे) रचण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि या कामात नव्याने येणाऱ्यांना जे जुने खेळ मी आवर्जून खेळायला सांगतो, त्यांत हा खेळ असतोच. त्याचे कारण एकच आहे. खड्ड्यात पडणे हा प्लॅटफॉर्म खेळांतला सर्वांत जुना धोका या खेळाने जवळजवळ काढून टाकला आणि तरीही संपूर्ण खेळ उभा करून दाखवला. हे कसे साधले, ते समजून घेण्यासाठी तो खेळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी या खेळाचा वंश पाहू. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९८५ साली ‘घोस्ट्स एन गॉब्लिन्स’ हा आर्केड खेळ, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरचा खेळ, काढला. त्याचा नायक आर्थर हा चिलखत घातलेला सरदार असून त्याने एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. पाय जमिनीवरून सुटण्यापूर्वीच आपण कुठे उतरणार हे ठरवावे लागते. त्याच खेळात ‘रेड अरेमर’ नावाचा लाल, पंखवाला राक्षस आहे. तो आर्थरचा मारा चुकवत घिरट्या घालतो, वर जातो आणि अचानक झेप घेतो. जड, बांधलेली उडी असलेला नायक आणि हवेत मोकळा फिरणारा शत्रू, ही विषमताच त्या खेळाच्या सुप्रसिद्ध अवघडपणाचे एक मूळ आहे. पुढे कॅपकॉमने त्या शत्रूलाच नायक केले. १९९० साली गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर ‘गार्गॉयल्स क्वेस्ट’ आला, १९९२ साली निन्टेन्डोच्या आठ-बिट यंत्रावर त्याचा दुसरा भाग आला आणि १९९४ साली सुपर निन्टेन्डोवर ‘डेमन्स क्रेस्ट’ हा तिसरा भाग. नायकाचे नाव तिन्ही खेळांत फायरब्रँड.

पहिल्या दोन भागांत फायरब्रँडला तरंगता येते, पण ठरावीक वेळच. पंखांची ताकद मोजणारी एक पट्टी पडद्यावर असते, ती संपली की तो खाली येतो आणि खेळ पुढे सरकतो तसतशी ती ताकद वाढत जाते. रचनाकाराच्या दृष्टीने ही सुरक्षित व्यवस्था आहे, कारण पट्टी किती वेळ टिकते हे माहीत असले की दरी किती रुंद काढायची हे मोजून ठरवता येते. ‘डेमन्स क्रेस्ट’मध्ये ही पट्टीच नाही. हवेत असताना उडीचे बटण पुन्हा दाबले की पंख उघडतात आणि फायरब्रँड त्याच उंचीवर हवा तितका वेळ थांबू शकतो. त्याला आडवे जाता येते, मात्र वर चढता येत नाही. म्हणजे कितीही रुंद दरी काढली तरी ती त्याला अडवू शकत नाही, आणि रचनाकाराच्या हातातले सर्वांत हुकमी साधन पहिल्या मिनिटालाच निकामी होते.

मग खेळ उभा राहतो कशावर? माझ्या मते उंचीवर. जमिनीवरून किंवा भिंतीवरून मारलेली उडी ही उंचीची मिळकत आहे, तरंगणे म्हणजे ती शिल्लक राखणे आणि खाली उतरणे म्हणजे ती खर्च करणे. एकदा गमावलेली उंची हवेत परत मिळत नाही. त्यासाठी पुन्हा जमीन गाठावी लागते किंवा भिंत. फायरब्रँडला नखांनी भिंतीला चिकटता येते आणि तिथूनच वर उडी घेता येते, त्यामुळे या खेळात भिंतीला शिडीचे मोल आहे. प्रत्येक खोलीत शिरताना खेळणाऱ्याच्या मनात नकळत एक प्रश्न येतो: इथे मला किती उंचीवरून जायचे आहे, आणि ती उंची मी कुठून मिळवणार? नेहमीच्या प्लॅटफॉर्म खेळात हा प्रश्न अंतराचा असतो. इथे तो उभ्या अक्षावर वळवला गेला आहे, आणि केवळ या एका बदलामुळे पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूचा अर्थ बदलतो. खाली आलेले छत, अर्ध्या उंचीवर ठेवलेला पुतळा, काट्यांनी भरलेली भिंत या गोष्टी इतर खेळांत बहुधा सजावटीच्या किंवा दुय्यम असतात. इथे त्याच मुख्य अडथळे होतात.

याला जोड आहे ती नेमबाजीची. फायरब्रँड तोंडातून आग फेकतो, आणि ती आडवी, सरळ रेषेत जाते. त्याला वर किंवा खाली नेम धरता येत नाही. त्यामुळे शत्रूला मारायचे तर त्याच्या उंचीला जाऊन थांबावे लागते, आणि ज्या उंचीवर आपण त्याला मारू शकतो त्याच उंचीवर बहुतेक वेळा त्याचाही मारा आपल्याला लागतो. तरंगणे आणि नेम धरणे ही दोन वेगळी कौशल्ये इथे एकच क्रिया झाली आहेत. बॉसच्या, म्हणजे मोठ्या, मुख्य शत्रूंच्या, लढती या दृष्टीने पुन्हा पाहा. त्या वेगाच्या लढती वाटल्या तरी प्रत्यक्षात एका आडव्या रेषेवर कोण किती वेळ टिकतो आणि ती रेषा कधी सोडतो, याची ती स्पर्धा आहे. सतत बटणे दाबणाऱ्यापेक्षा योग्य उंचीवर स्तब्ध राहून योग्य क्षणी खाली सुटणारा खेळाडू इथे पुढे जातो. हालचालींचा वेग मुद्दाम मध्यम ठेवला आहे तोही यासाठीच, असे मला वाटते. वेग अधिक असता तर अमर्याद तरंगणे हा पळून जाण्याचा मार्ग झाला असता.

हे सगळे शिकवण्यासाठी खेळाने स्वतंत्र धडा दिलेला नाही. थोडक्यात कथा अशी की राक्षसांच्या जगात आकाशातून सहा जादुई चिन्हे पडली आणि त्यांच्यासाठी युद्ध पेटले. फायरब्रँडने पाच मिळवली आणि सहाव्यासाठी एका महाकाय ड्रॅगनला हरवले, पण फायरब्रँड जखमी असताना फॅलँक्स या राक्षसाने त्याला गाठून चिन्हे लुटली आणि त्याला कैद केले. खेळ सुरू होतो तो त्या कैदेत, लढतीच्या आखाड्यात, आणि समोर थेट सोमुलो नावाचा कुजलेला, मेलेला ड्रॅगन उभा असतो. खेळणाऱ्याने अजून एकही दरी ओलांडलेली नसते, एकही लहान शत्रू मारलेला नसतो. जमिनीवरून सोडलेली आग त्या प्रचंड देहाच्या नेमक्या जागी पोहोचत नाही, म्हणून तो उडी मारतो, मग उंची टिकवायला बटण पुन्हा दाबतो, आणि पहिल्याच मिनिटात या खेळाचे व्याकरण त्याच्या बोटांत उतरते. एका शब्दाचीही सूचना न देता, बॉसच्या आकारातून मुख्य कौशल्य शिकवण्याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण त्या काळात मला क्वचितच दिसते. शिवाय हा सामना संपल्यावरही सोमुलो संपत नाही. तो पुढे पुन्हा समोर येतो, आणि आपण शिकलेले लगेच वेगळ्या परिस्थितीत वापरावे लागते.

पुढे फायरब्रँडला आगीचे नवे प्रकार मिळतात, आणि इथे रचनेची सुसंगती विशेष जाणवते. यातले दोन प्रकार मारण्यासाठी कमी आणि उंची मिळवण्यासाठी जास्त आहेत. एका प्रकाराने हवेत वावटळ उभी राहते आणि तिच्यावर उभे राहून पुन्हा उडी घेता येते. म्हणजे जिथे जमीन नाही तिथे खेळणारा स्वतः जमीन तयार करतो. दुसऱ्या प्रकारात फेकलेली आग काटेरी भिंतीला चिकटून राहते आणि तिथे फायरब्रँडला नखे रोवायला जागा मिळते. म्हणजे आतापर्यंत बंद असलेली भिंत उघडते. शस्त्रे मिळत जातात तसतशी उंचीची मिळकत वाढवण्याची साधनेही मिळत जातात, आणि दोन्ही एकाच बटणावर आहेत. हा भाग मी विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त वेळ पाहायला सांगतो.

चिन्हांमुळे मिळणाऱ्या रूपांचा विचारही याच अंगाने करावा. पृथ्वीच्या चिन्हाने मिळणारे रूप दणकट आहे. ते खांद्याने धडक मारून पुतळे आणि दगड फोडते आणि त्याची आग जमिनीलगत सरपटत जाते. मात्र त्याला उडता येत नाही. खेळाने पहिल्या क्षणापासून दिलेली सर्वांत मोठी देणगी ते रूप काढून घेते. पहिल्यांदा ते वापरताना जी अस्वस्थता वाटते, ती पूर्ण हेतुपुरस्सर आहे असे मी मानतो. त्या रूपात खड्डा पुन्हा खड्डा होतो, आणि आपण तरंगण्यावर किती विसंबून होतो हे तेव्हा कळते. वायूच्या चिन्हाचे रूप याच्या नेमके उलट आहे, कारण त्याला वरही उडता येते. उंचीचा संपूर्ण हिशेबच त्यामुळे मोडीत निघतो. रचनाकारांनी हे रूप खेळाच्या सुरुवातीला दिले असते तर बाकी सगळे निरर्थक झाले असते. उशिरा दिल्यामुळे मात्र आधी पाहिलेल्या जागांकडे परत जाण्याची ओढ लागते. ज्या खोलीतून आपण खालून तरंगत गेलो होतो तिच्या वरच्या रिकाम्या भागात काय असेल, हा विचार तेव्हा प्रथमच करता येतो. पाण्याचे रूप पोहते, आणि साध्या रूपाला जिथे जाणे परवडत नाही तो पाण्याखालचा भाग त्याच्यामुळे खुला होतो. त्याबद्दल यापेक्षा अधिक सांगण्यासारखे नाही. काळाचे रूप सोसण्याची आणि मारण्याची ताकद वाढवते. लढतीत ते उपयोगी आहे, पण हालचालीच्या दृष्टीने त्यात नवी कल्पना नाही.

टप्प्यांमधला प्रवास नकाशावरून उडत होतो. सुपर निन्टेन्डोच्या ‘मोड ७’ सोयीने सपाट चित्र फिरवून व तिरके करून जमिनीचा भास निर्माण केला जात असे, आणि तेच इथे वापरले आहे. आज ते दृश्य खडबडीत दिसते. त्याचे मोल मात्र रचनेत आहे, कारण नकाशावर पुढे कुठे जायचे हे मोठ्या प्रमाणात खेळणाराच ठरवतो. पहिला टप्पा संपल्यावर थेट फॅलँक्सच्या किल्ल्यावर उतरून त्याच्याशी लढताही येते. तसे करून जिंकले तर खेळ खरोखर संपतो, पण तो शेवट अपुरा, असमाधानाचा असतो. शेवट एकापेक्षा अधिक आहेत आणि आपण किती चिन्हे व इतर वस्तू गोळा केल्या यावर ते अवलंबून असतात. सर्व काही मिळवून शेवट गाठणाऱ्याला श्रेयनामावलीनंतर एक पासवर्ड मिळतो. त्या पासवर्डने सर्व चिन्हांची शक्ती एकवटलेले अंतिम रूप मिळते आणि ‘डार्क डेमन’ या गुप्त बॉसपर्यंत जाता येते. खेळणाऱ्याला कुठेही कुलूप न लावता, केवळ शेवटाच्या गुणवत्तेतून त्याला परत फिरायला लावणे, हा १९९४ साली धाडसी निर्णय होता आणि आजही तो अभ्यासण्याजोगा आहे.

संगीताबद्दल थोडे सांगायलाच हवे. संगीतकार तोशिहिको होरियामा यांनी इथे चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनसारख्या आवाजावर भर दिला आहे. सुपर निन्टेन्डोच्या ध्वनिभागाला अवघी ६४ किलोबाइट स्मृती आणि ८ स्वतंत्र आवाज मिळत. ऑर्गनचा स्वर दाबून धरला असता फारसा बदलत नाही, त्यामुळे त्याचा लहानसा ध्वनिमुद्रित नमुना पुनःपुन्हा फिरवूनही तो खरा वाटतो. पियानो किंवा गिटारचा विरत जाणारा स्वर इतक्या कमी जागेत असा साधत नाही. यंत्राची मर्यादा आणि खेळाचे उदास वातावरण एकाच वाद्यात जुळून आले आहे. चित्रांतही तपकिरी, गर्द हिरवा आणि मळकट लाल या रंगांवर जोर असून फायरब्रँडचा भडक लाल देह त्या पार्श्वभूमीवर कधीही हरवत नाही. तरंगत असताना स्वतःची उंची सतत डोळ्यांना कळत राहणे या खेळात अत्यावश्यक आहे, म्हणून ही रंगयोजना मला सौंदर्याइतकीच उपयोगाचीही वाटते.

खेळात दोष आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. सर्वांत मोठा दोष रूप बदलण्याच्या पद्धतीत आहे. त्यासाठी खेळ थांबवून यादी उघडावी लागते, चिन्ह निवडावे लागते आणि मग परत यावे लागते. याच कंपनीच्या, याच यंत्रावरच्या, १९९३ सालच्या ‘मेगा मॅन एक्स’मध्ये कंट्रोलरच्या खांद्यावरच्या बटणांनी शस्त्र चालता चालता बदलता येत होते. रूपांचे इतके सुंदर परस्परविरोध असताना ते एकाच झेपेत गुंफता येऊ नयेत, याची मला प्रत्येक वेळी हळहळ वाटते. उडत येऊन, मध्येच पृथ्वीच्या रूपात जाऊन खाली धडकणे अशा शक्यता कागदावर दिसतात, पण हातांना त्या सहज होत नाहीत. दुसरा दोष दुकानांचा. औषधांसाठी रिकामी भांडी आणि मंत्रांसाठी कोरी चर्मपत्रे शोधायची, मग पैसे देऊन ती भरून घ्यायची, ही व्यवस्था रोचक वाटते. पण तिच्यामुळे बऱ्याच लढती साठा वापरून रेटता येतात आणि उंचीचा जो नाजूक हिशेब मी वर मांडला तो बाजूला पडतो. तिसरी गोष्ट अवघडपणाच्या चढाची. आयुष्य वाढवणाऱ्या वस्तू आणि काळाचे रूप हाती आल्यावर मधले टप्पे सैल पडतात, आणि त्यानंतर शेवटच्या लढती एकदम उंच उभ्या राहतात.

मग तो विस्मरणात का गेला? याची कारणे मला खेळात फारशी दिसत नाहीत, त्याच्या वेळेत दिसतात. १९९४च्याच नोव्हेंबरमध्ये ‘डाँकी काँग कंट्री’ हा खेळ आला आणि सुपर निन्टेन्डोवरचे सारे लक्ष त्याच्या चकचकीत, संगणकावर आधी त्रिमितीत घडवलेल्या चित्रांकडे गेले. जपानमध्ये २२ नोव्हेंबरला सेगा सॅटर्न आणि ३ डिसेंबरला प्लेस्टेशन ही नव्या पिढीची यंत्रे बाजारात आली, म्हणजे द्विमितीय खेळांचे दिवस सरल्याची चर्चा नेमकी तेव्हाच सुरू झाली. त्यातच पाश्चात्त्य बाजारात पहिल्या दोन भागांचे ‘गार्गॉयल्स क्वेस्ट’ हे नाव तिसऱ्याला दिले नाही, त्यामुळे आधीचे भाग आवडलेल्यांनाही दुकानात हा त्याच मालिकेचा भाग आहे हे ओळखणे कठीण होते.

आता प्रत्यक्ष खेळण्याविषयी. सप्टेंबर २०१९ मध्ये निन्टेन्डो स्विच या अलीकडच्या यंत्राच्या ऑनलाइन सदस्यत्वात सुपर निन्टेन्डोचे जे पहिले २० खेळ आले, त्यांत हा होता, त्यामुळे कायदेशीर मार्गाने तो खेळणे सोपे झाले आहे. मूळ कार्ट्रिजवर (यंत्रात खोचायच्या खेळाच्या डबीवर) खेळणाऱ्याला प्रगती पासवर्डनेच जपावी लागते, म्हणून वही जवळ ठेवावी. अमेरिकी आणि जपानी यंत्रे सेकंदाला ६० चित्रे दाखवतात, युरोपीय ५०. ज्या खेळांत या फरकाची दखल घेतलेली नसे ते युरोपात सुमारे १७ टक्के संथ चालत, म्हणून अभ्यासासाठी ६० चित्रांची आवृत्तीच घ्यावी. टीव्हीवर खेळताना ‘गेम मोड’ सुरू करावा. या गतीला एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, आणि टीव्हीने चित्रावर प्रक्रिया करताना तीन-चार चित्रांचा उशीर केला तरी तरंगणे सोडून खाली सुटण्याची वेळ चुकू लागते. मग दोष आपल्या हाताचा की खेळाचा, हे कळत नाही. स्विचवर खेळ काही क्षण मागे नेऊन चूक सुधारण्याची सोय आहे. पहिल्या फेरीत ती वापरू नये, कारण उंची गमावल्याचा परिणाम भोगावा लागला तरच ती राखण्याची सवय लागते.

पहिला टप्पा झाल्यावर मुद्दाम एकदा फॅलँक्सकडे जावे आणि जमेल तितके लढावे. ती लढत अपुऱ्या साधनांनी खेळल्यामुळे पुढे मिळणारे प्रत्येक चिन्ह नेमकी कोणती उणीव भरून काढते, हे समजते. त्यानंतर नेहमीच्या मार्गाने जावे आणि नवे रूप मिळाले की आधीच्या टप्प्यांपैकी निदान एका टप्प्यात परत शिरावे.

रचना शिकणाऱ्याने यातली एखादी मध्यम आकाराची खोली निवडून कागदावर उतरवावी. जमीन आणि भिंती काढून झाल्यावर ज्या ज्या उंचीवरून शत्रूचा मारा येतो तिथे आडव्या रेषा ओढाव्यात, आणि मग साध्या फायरब्रँडला कोणत्या जागेवरून किती उंची मिळू शकते ते वेगळ्या रंगाने दाखवावे. दोन रंग जिथे एकमेकांवर येतात तिथेच त्या खोलीचा खरा खेळ घडतो, हे लगेच दिसेल. तीच खोली दुसऱ्या कागदावर पृथ्वीच्या रूपासाठी आणि तिसऱ्यावर वायूच्या रूपासाठी काढावी. पृथ्वीच्या कागदावर जमिनीलगतची पट्टीच तेवढी भरते आणि दऱ्या पुन्हा धोक्याच्या होतात, तर वायूच्या कागदावर सारी खोली रंगून जाते आणि छताजवळचे आतापर्यंत निरुपयोगी वाटलेले कोपरे प्रथमच पोहोचण्याजोगे होतात. रचनाकारांनी बक्षिसे कुठे लपवली असतील, याचा अंदाज बांधायला मी त्या तिसऱ्या कागदापासून सुरुवात करतो.